तापलेल्या इंजिनाची कैफियत : प्रस्तावना

ज्या यंत्राच्या उदरात मिनिटाला हजारो वेळा दोन हजार अंश सेल्सियसहून अधिक तापमानाचा अग्नी प्रज्वलित होतो, आणि ज्याच्या दट्ट्याचा धातू मात्र सहाशे अंशांच्या आसपासच वितळू लागतो, ते यंत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत राहते, ही गोष्ट नित्यपरिचयामुळे आपणांस सामान्य वाटू लागली आहे. इंजिनाच्या शक्तीची, वेगाची आणि इंधनाच्या बचतीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु त्या शक्तीला जिवंत ठेवणारी जी शीतन-व्यवस्था पाच-सहा लिटर पाणी, एक लहानसा पंप, एक झडप, एक पंखा आणि पातळ नलिकांची एक जाळी एवढ्याच सामग्रीवर उभी असते, तिच्याकडे मालकाचे लक्ष जाते ते बहुधा बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागल्यावरच. प्रस्तुत पुस्तक या उपेक्षित व्यवस्थेविषयी आहे. ती कोठे व का बिघडते, बिघाडाचे मूळ कसे शोधावे आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, हा त्याचा विषय. आणि तो गाडीचा मालक, चालक व नवशिका मिस्त्री या तिघांनाही सारखाच उपयोगी पडावा अशा बेताने मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

आरंभी उष्णतेचा जमाखर्च ध्यानी घेणे इष्ट आहे. पेट्रोलमध्ये साठलेल्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर नळीवाटे निघून जातो आणि उरलेला तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरून तेथून पाण्याच्या स्वाधीन होतो. घाटाच्या चढावर एखादी लहान गाडी वीस किलोवॅट शक्ती खर्च करीत असेल, तर जवळजवळ तितकीच उष्णता त्याच वेळी पाण्यात उतरत असते. आणि ती बाहेर टाकण्याची काहीच तजवीज नसेल, तर तीस अंशांचे पाच लिटर पाणी सव्वा मिनिटाच्या आत उकळू लागेल. या एका हिशेबावरून दोन गोष्टी सहज उमगतात. एक ही, की शीतन-व्यवस्थेत क्षणभराचाही खंड इंजिनास सोसत नाही. आणि दुसरी ही, की उष्णता निर्माण होणे हा दोष नसून ती वाहून नेण्याच्या वाटेवर कोठेतरी झालेला अडथळा हाच खरा दोष असतो. तो अडथळा शोधून काढणे यालाच निदान म्हणावयाचे.

मोटारीच्या जन्मापासूनच हा प्रश्न तिच्या पाठीशी लागलेला आहे. कार्ल बेंझ याच्या पहिल्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जात असे आणि त्या उडून जाण्यातूनच इंजिन निवत असे. १८८८ साली त्याची पत्नी बेर्था ही आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा जो प्रसिद्ध प्रवास करून आली, त्यात वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरणे हा प्रवासाचाच एक भाग होता. या अवस्थेतून मोटारीला खऱ्या अर्थाने सोडविले ते विल्हेल्म मायबाख याने. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने सहा मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नलिका एकत्र जोडून जो रेडिएटर सिद्ध केला, त्यामुळे पाण्याची गरज नऊ लिटरांवर आली, आणि तेच ते पाणी पुनःपुन्हा फिरवून हवेच्या साहाय्याने थंड करण्याचे तत्त्व कायमचे प्रस्थापित झाले. आजच्या गाडीचा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा व प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असला, तरी त्याचे कूळ तेच होय.

आपल्या प्रदेशापुरते बोलावयाचे तर सह्याद्री हाच शीतन-व्यवस्थेचा सर्वांत कठोर परीक्षक आहे. बैलगाड्यांच्या वाहतुकीसाठी १८३० साली खुला झालेला बोरघाटाचा रस्ता असो, कसारा, खंबाटकी, कुंभार्ली, वरंध अथवा आंबोली असो, चढ लागला की इंजिनाचा भार वाढतो, गाडीचा वेग मात्र घटतो, आणि त्यामुळे ज्या वेळी अधिक वारा हवा नेमक्या त्याच वेळी रेडिएटरवर येणारा वारा मंदावतो. अ‍ॅम्बॅसिडर व पद्मिनी यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्याने इंजिन संथ झाले की पंखाही संथ होई, आणि मे महिन्यात घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची ओळ हे तेव्हाचे नित्याचे दृश्य होते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले आणि पंखा विजेचा होता. वीजपंख्यामुळे इंजिनाच्या वेगावरील हे अवलंबन संपले खरे; पण पंख्याच्या जोडीला मोटर, रिले, फ्यूज आणि तापमान ओळखणारा स्विच अशी एक नवी साखळी आली, आणि तिच्यातील कोणताही एक दुवा तुटला की पंखा मुकाट्याने बंद पडतो, ही नवी जोखीमही तिच्यासोबत आली.

या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन एका वाक्यात सांगता येण्यासारखे आहे: गाडी गरम होते एवढेच न विचारता ती केव्हा गरम होते हे विचारावे. अंगातला ताप पाहून वैद्य ज्याप्रमाणे तो सकाळी चढतो की सायंकाळी, थंडी वाजून येतो की नाही, हे आधी विचारतो, त्याप्रमाणे मिस्त्रीने पान्याला हात लावण्यापूर्वी चालकाची जबानी सविस्तर घेतली पाहिजे. सिग्नलपाशी उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, असे चालक सांगत असेल, तर संशयित पंखाच असणार. कारण धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्याकडूनच मिळावा लागतो. एअर कंडिशनर सुरू करताच बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागावयास हवा. तो फिरत नसेल, तर शोध तेथूनच सुरू करावा. उलटपक्षी, गर्दीत गाडी शांत राहते आणि महामार्गावर वेग धरताच तापते, असे असेल तर वारा मुबलक असूनही पाणी पुरेसे फिरत नाही असा अर्थ होतो, आणि मग रेडिएटरच्या बुजलेल्या नलिका, पंपाची झिजलेली पाती किंवा होस पाइप यांची झडती घ्यावी लागते. थंड इंजिन सुरू केल्यावर अवघ्या काही मिनिटांत काटा वर जात असेल आणि तरीही वरचा होस पाइप हाताला गार लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. केवळ चढावर तापणारी गाडी बहुधा अर्धवट बुजलेल्या रेडिएटरची असते. मात्र क्लच घसरणे, ब्रेक चिकटून राहणे अथवा इग्निशनची वेळ चुकणे ही कारणेही तेथे विचारात घ्यावी लागतात.

अशी शहानिशा न करता सुटे भाग बदलीत सुटण्याची जी रीत पडली आहे, तिचा फटका किती बसतो याचा एक दाखला येथे देतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी शहरात दिवसभर फिरूनही काटा मध्यावर ठेवीत असे. परंतु महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरचा वेग काही काळ राखला की काटा लाल रेषेकडे सरके आणि वेग उतरविताच पूर्ववत होई. प्रथम रेडिएटर बदलला गेला, नंतर थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला, त्यानंतर पाण्याचा पंप नवा बसला, आणि दर खेपेस शहरातल्या फेरीत गाडी निर्दोष ठरून मालकाच्या हवाली होत असे. कारण शहरात ती मुळात तापतच नव्हती. अखेर एका वृद्ध फिटरने बॉनेट उघडे ठेवून, इंजिन उभ्या जागी जोराने फिरवावयास सांगितले, आणि तो स्वतः खालच्या होस पाइपकडे पाहत राहिला. इंजिनाचा वेग वाढताच तो पाइप दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चपटा झालेला सर्वांनी पाहिला. पंप पाणी ओढतो ते याच पाइपातून; ओढीने तो मिटू नये म्हणून त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते, आणि ती गंजून तुटली होती. साऱ्या नव्या सुट्या भागांच्या तुलनेत त्या पाइपाची किंमत नगण्य होती. फिटरने वेगळे केले ते एवढेच, की मालकाने सांगितलेली कैफियत खरी मानून, ज्या परिस्थितीत दोष प्रकट होतो तीच परिस्थिती त्याने डोळ्यांसमोर उभी केली.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उल्लेख वर आलाच आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण आपल्याकडील गॅरेजांत याइतका सार्वत्रिक आणि याइतका चुकीचा उपाय दुसरा नाही. या झडपेच्या गर्भात मेणाची एक कुपी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाण्याची वाट मिळते. आपला देश उष्ण आहे, सबब या झडपेची आपल्याला गरज नाही, असा युक्तिवाद केला जातो. परंतु इंजिनाला थंड राखणे एवढेच नव्हे, तर त्याला योग्य तापमानावर लवकर आणून तेथेच स्थिर ठेवणे हेही तिचे काम आहे. ती काढली की इंजिन दीर्घकाळ गारच राहते, इंधन अधिक जळते, तेलात कच्चे पेट्रोल उतरते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना उपमार्ग बंद करीत असते. ती नसली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता त्या उपमार्गाने थेट इंजिनात परत जातो, आणि ज्या गाडीला थंड करावयाचे ती चढावर उलट अधिकच तापते. झडप सदोष आहे की नाही हे ठरविणे अवघड नाही. ती सुतळीने बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबती सोडावी, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवीत न्यावे. तिच्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळपास ती उघडू लागली आणि आणखी बारा-पंधरा अंशांत पुरती उघडली, तर ती निर्दोष आहे. नसेल, तर नवी बसवावी. रिकामी जागा ठेवू नये.

रेडिएटरच्या झाकणाची उपेक्षा तर याहूनही मोठी आहे. हे झाकण निव्वळ तोंड बंद करण्यासाठी नसून ते आतील दाबाचे नियमन करते. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते, झाकणाने ०.९ बारच्या आसपास अधिक दाब राखला, तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. आता झाकणाचे रबर चिरलेले आहे आणि गाडी महाबळेश्वरी चढली आहे, असे समजा. तेथील उंची सुमारे १,३७० मीटर असल्यामुळे उघड्यावरचे पाणी तेथे ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि थर्मोस्टॅट पुरता उघडण्याच्या आतच इंजिनातील पाण्याला आधण येते. पुण्यात बिनबोभाट चालणारी गाडी पसरणीचा घाट चढून वर आल्यावर पाणी का उडवू लागते, याचे उत्तर कित्येकदा एवढ्या एका रबरी चकतीत असते. याच दाबामुळे तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे हा जिवावरचा खेळ ठरतो: दाब सुटताक्षणी अतितप्त पाण्याची वाफ होऊन ते तोंडावर उसळते. वरचा होस पाइप हाताने सहज दाबता येईल इतका निवेपर्यंत झाकणाला कोणीही हात लावू नये.

पाण्याबद्दलही आपल्याकडे बेफिकिरी आहे. विंधन विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले गेले की त्यातील चुन्याचा थर इंजिनाच्या भिंतींवर आणि रेडिएटरच्या नलिकांत बसतो, आणि हा थर उष्णतेला मोठा प्रतिबंध करतो. कूलंट हे बर्फाळ देशांचे लेणे, महाराष्ट्रात त्याचे काय काम, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की ते गोठणबिंदू उतरविते तसाच उत्कलनबिंदूही चढविते, आणि धातूंचे क्षरण रोखणारी द्रव्येही त्यातच असतात. मात्र ते जितके अधिक तितके बरे, हाही भ्रमच. निम्म्याला निम्मे असे मिश्रण शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी उष्णता वाहते, म्हणून त्याहून दाट मिश्रण करण्यात काही लाभ नाही. पाणी मिसळावयाचे ते ऊर्ध्वपातित असावे, आणि उत्पादकाने सांगितलेली मुदत संपली की सारे मिश्रण बदलावे. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगा पुष्कळांना ठाऊक आहे. आडरस्त्याला अडलेल्या गाडीला तो घरापर्यंत आणू शकतो, हे मान्य. पण जी हळद गळतीचे छिद्र बुजविते ती निरोगी नलिकाही बुजविते, म्हणून घरी पोहोचताच व्यवस्था धुऊन काढणे आणि गळती रीतसर झाळून घेणे अथवा रेडिएटर बदलणे अपरिहार्य आहे. बाहेरच्या बाजूने खानदेश-विदर्भात कापसाचे तंतू आणि अन्यत्र धूळ व किडे जाळीत साचतात. ते पाण्याच्या मंद धारेने इंजिनाकडून बाहेरच्या दिशेस धुवावेत.

आता सर्वांत गंभीर प्रकरण. पाणी रोज कमी होते, जमिनीवर मात्र एक थेंब दिसत नाही, अशी तक्रार आली की हेड गॅस्केटचा संशय घेणे प्राप्त होते. लोखंडी ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड बसविलेले असते तेव्हा हे दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. चाळीस सेंटिमीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड १०० अंशांनी तापले तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते आणि तितकेच लांब लोखंड जवळपास त्याच्या निम्मे. हा फरक सोशीत गॅस्केट नित्य काम करीतच असते. परंतु इंजिन मर्यादेबाहेर तापले की हेड वाकते, आणि ज्या पृष्ठभागावर ०.०५ मिलिमीटरहून अधिक बाक सर्वसाधारणपणे चालवून घेतला जात नाही, तेथे ज्वलनाचे वायू पाण्यात व पाणी सिलिंडरात शिरावयास वाट होते. धुराच्या नळीतून गोडसर वासाची पांढरी वाफ, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय, थंड इंजिन सुरू करताच होस पाइप कडक होणे आणि रेडिएटरच्या तोंडाशी अखंड बुडबुडे येणे, हे त्याचे पुरावे होत. एखादाच पुरावा पुरेसा मानू नये. पावसाळ्यात थोडे अंतर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली केवळ दमटपणानेही साय धरते. रेडिएटरच्या तोंडावरील वायू रासायनिक द्रवातून ओढून घेतला असता निळा द्रव पिवळा पडला, तर मात्र ज्वलनाचा वायू पाण्यात येत असल्याची रुजवात झाली. अशा वेळी हेड उतरवून, सरळ पट्टीने तपासून, आवश्यक तर फेसिंग करून घेऊनच नवे गॅस्केट बसवावे, आणि बोल्ट उत्पादकाने दिलेल्या क्रमाने व जोराने आवळावेत. हेड न तपासता नुसते गॅस्केट बदलणारा मिस्त्री मालकाचा पैसा आणि स्वतःचे नाव दोन्ही गमावतो. आणि ज्या मूळ कारणाने इंजिन तापले होते, ते तसेच ठेवून केलेले हे सारे काम थोड्याच काळात पुन्हा करावे लागते.

रस्त्यावर प्रसंग ओढवला असता काय करावे, हे स्वतंत्र प्रकरणात आले आहे. तथापि त्याचा सारभाग येथेही सांगतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारा वाचकही असतो. काटा नुसता चढू लागला असेल तर एअर कंडिशनर बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा, म्हणजे काही उष्णता त्या वाटेनेही बाहेर पडते, आणि सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी. वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा चढलेला काटा अकस्मात खाली पडला, तर इंजिन तत्क्षणी बंद करावे. हा शेवटचा प्रकार विशेष फसवा आहे: पाणी संपले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो, काटा थंडपणा दाखवितो आणि धातू मात्र जळत असतो. बंद इंजिनाजवळही वीजपंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावेत. तापलेल्या धातूवर गार पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जातो. आजच्या कित्येक गाड्यांत काटाच नसतो, केवळ एक दिवा असतो. आणि काटा असला तरी तो बराच वेळ मध्यावर स्थिर दिसेल अशी योजना केलेली असते, तेव्हा तो हलू लागला म्हणजे वेळ थोडाच उरला आहे असे समजावे.

पुस्तकाची मांडणी स्वस्त व सोप्या तपासणीकडून खर्चिक व अवघड तपासणीकडे जाणारी आहे, आणि हा क्रम मोडू नये असा माझा आग्रह आहे. पहिल्या प्रकरणाला हत्यार लागत नाही. वाचकास माझी विनंती एवढीच, की ते उघडण्यापूर्वी उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याच्या आधी, बॉनेट उचलून कूलंटच्या टाकीतील पातळी पाहावी, तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी व शेजारी तारीख लिहावी. आठवड्याने पातळी त्या खुणेखाली गेलेली आढळली, तर गाडी तापण्याची वाट न पाहता गळतीचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.